गरोदरपणात साखर वाढली, तर घरच्यांनी काय करावं?

७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी रक्तातल्या साखरेचा आकडा १४० किंवा त्याच्या वर आला, की घरात पहिला प्रश्न येतो, "गोड फार खाल्लंस का गं?" हा प्रश्न आधी बंद करा. वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, येणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिन कमी पडतं. त्यात तिची चूक नाही.

१. ताट सगळ्यांचंच बदला. तिला पथ्याचं वेगळं वाढलंत, तर आठवड्यात ती कंटाळेल. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, काकडीची कोशिंबीर आणि भात थोडाच, हे सगळ्यांनाच चालतं. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन छोटी खाणी चुकवू नका. पोहे करा, पण कमी, आणि त्यात मटार-शेंगदाणे सढळ हाताने. चतुर्थीचा उपास यंदा तिच्या वाटचा नवऱ्याने धरावा!

२. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, डॉक्टरांची ना नसेल तर. नवऱ्याने सोबत जावं. सारसबागेत गेलात, तर चौपाटीच्या बाजूने बाहेर पडू नका. भेळेच्या वासापुढे आमचा निश्चय दोनदा हरला.

३. घरी साखर तपासायला बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवा. आमच्याकडे एकदा दुपारी १८० आले आणि सगळे हादरले. मग लक्षात आलं, वहिनीने नुकताच आंबा चिरला होता. हात धुऊन पुन्हा पाहिलं, तर ११२. टोचायचं बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखतं. साधारणपणे उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत साखर हवी. वही नवऱ्याने लिहावी, शेरे मारू नयेत.

४. इन्सुलिनला घाबरू नका. साधारण दोन आठवड्यांच्या आहार-चालण्याने आकडे उतरले नाहीत, तर डॉक्टर औषध सुरू करतात. ते सुरू असताना घाम फुटला, हात थरथरले आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर पाण्यात तीन चमचे ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ग्लुकोजची पुडी पर्समध्ये असू द्या. बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

५. डोहाळजेवण जरूर करा. पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या मांडा, तिला झाकण उघडू दे. खायला नणंदा आहेतच.

६. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी. डिंकाच्या लाडवांच्या गडबडीत हीच विसरते. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमाराला असते, तेव्हा दोन्ही तारखा एकाच कागदावर लिहून फ्रीजवर लावा.