गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला अ‍ॅजिलिटीत परत आणताना: तयारीची यादी

अ‍ॅजिलिटी, म्हणजे मालकाच्या इशाऱ्यावर अडथळ्यांची वाट वेगाने पार करण्याचा खेळ, खेळणाऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायातील क्रुशिएट लिगामेंट (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) तुटले आणि पशुवैद्यांनी टीपीएलओ शस्त्रक्रिया सुचवली, तर मैदानावर परतण्याची तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करावी. या शस्त्रक्रियेत तुटलेले लिगामेंट जोडत नाहीत. नडगीच्या हाडाचा वरचा भाग गोलाकार कापून फिरवतात आणि पट्टी व स्क्रूंनी पक्का करतात, जेणेकरून हाडाचा उतार कमी होऊन लिगामेंटवाचूनही गुडघा स्थिर राहतो. म्हणजे पहिले साधारण 8 आठवडे आपण कापलेल्या हाडाची राखण करतो आणि पुढचे काही महिने त्या पायाचे झिजलेले स्नायू परत कमावतो. पहिल्या कामाची धास्ती सगळ्यांनाच असते. घाई होते ती दुसऱ्या कामात, कारण तोवर कुत्रा लंगडायचा थांबलेला असतो.

घरातली फरशी सर्वांत आधी पाहावी. ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल्स किंवा वापरून गुळगुळीत झालेली शहाबादी यांवर तीन पायांनी चालणारा कुत्रा हमखास घसरतो, म्हणून त्याची झोपायची जागा, पाण्याचे भांडे आणि बाहेरचे दार यांना जोडणारी वाट रबरी मॅटने अखंड झाकावी आणि मॅटच्या कडा चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात. जिन्याला फाटक, सोफ्याकडे मज्जाव, गाडीत चढण्यासाठी उतरता फळा, पोटाखालून आधार द्यायचा रुंद पट्टा आणि टाके चाटू न देणारी गळ्यातली कॉलर हे सामान शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत घरात असावे. कुत्र्याला पिंजऱ्यात शांत बसण्याची सवय नसेल, तर ती आधीच लावावी. दुखऱ्या पायाने ती लावणे दोघांनाही जड जाते. नखे कापून घ्यावीत आणि पंजाच्या गादीमधले केस छाटावेत.

औषधांबाबत एकच नियम कडकपणे पाळावा. पशुवैद्यांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकाखेरीज काहीही द्यायचे नाही. घरच्या डब्यातील आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. आहार मोजून द्यावा. हालचाल घटली की खाणेही घटवावे लागते, कारण वाढलेला प्रत्येक किलो बऱ्या होणाऱ्या गुडघ्यावरच पडतो.

यानंतर एक वही घालावी. तिच्यात कुत्र्याचे वजन, दोन्ही मांड्यांचा घेर, रोजच्या चालण्याची मिनिटे आणि औषधे लिहावीत. घेर मोजताना कुत्र्याला कुशीवर झोपवावे, खुब्याच्या हाडापासून ठरावीक अंतरावर शिंप्याची टेप लावावी, आणि हे काम दर वेळी एकाच माणसाने, टेप सारखीच ताणून, तीनदा करून सरासरी लिहावी. दुसरी मोजणी दोन एकसारख्या वजनकाट्यांवर करता येते: मागचा एकेक पाय एकेका काट्यावर, पुढचे पाय तितक्याच उंचीच्या फळीवर आणि मान सरळ. दोन्ही आकडे जवळपास सारखे येईपर्यंत कुत्रा कितीही उत्साही दिसला, तरी तो बरा झाला असे मानू नये. शस्त्रक्रियेपूर्वी समोरून, बाजूने आणि मागून चालण्याचा व्हिडिओ घेऊन ठेवावा.

टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर आणि त्यानंतरही फिरणे फक्त आखूड पट्ट्यावर, काही मिनिटांचे आणि इतके सावकाश असावे की कुत्र्याला प्रत्येक पाय टेकवावाच लागेल. वेग वाढला की तो दुखरा पाय उचलून पळण्याचा सोपा मार्ग शोधतो. या काळात डोक्याला काम द्यावे: वासाचा शोध, नाकाने हाताला स्पर्श करणे, चघळायला काहीतरी. बॉर्डर कोलीसारख्या कुत्र्याला कोंडून ठेवणे ही शस्त्रक्रियेपेक्षा अवघड गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

सुमारे 8 आठवड्यांनी काढलेल्या एक्सरेमध्ये हाड जुळल्याचे दिसले की मगच स्नायूंचा खरा व्यायाम सुरू करावा. बसून सरळ उठणे, चढावर चालणे आणि जमिनीलगत ठेवलेल्या दांड्यांवरून पाय उचलत जाणे घरी जमते. मात्र बसताना दुखरा पाय बाजूला पसरला, तर ती बैठक मोजू नये. पाण्याखालची ट्रेडमिल उपलब्ध असेल तर तिचा मोठा उपयोग होतो, कारण पाणी खुब्यापर्यंत असताना पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे 38 टक्के भार येतो, तर गुडघ्यापर्यंत असताना तो सुमारे 85 टक्के असतो. पाण्याची पातळी ठरवणे हे फिजिओथेरपिस्टचे काम आहे. विहिरीत किंवा तलावात मोकळे सोडणे हा त्याला पर्याय नव्हे.

अडथळ्यांकडे वळण्याचा क्रम कागदावर लिहून ठेवावा. आधी सपाट जमिनीवर सरळ धावणे, मग मोठी वळणे, मग सरळ टनेल (बोगद्यासारखी नळी), नंतर जमिनीवर टेकवलेला बार (उडीचा आडवा दांडा). उंची, वेग, वळणाची तीव्रता आणि उड्यांची संख्या यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांत मोठ्या कुत्र्यांच्या गटात बारची उंची 55 ते 60 सेंटिमीटर असते. तिथवर पोहोचायला कित्येक आठवडे लागले तर त्यात वावगे काही नाही. वीव्ह पोलमध्ये (नागमोडी पळायच्या उभ्या खांबांच्या रांगेत) कणा सतत दोन्हीकडे वळतो आणि ए-फ्रेमवरून (दोन उतरत्या फळ्यांच्या चढउतारावरून) उतरताना पायांना धक्का बसतो, म्हणून हे दोन अडथळे आणि सीसॉ (वरखाली होणारी फळी) शेवटी घ्यावेत, तेही आधी ए-फ्रेम खाली करून आणि पोलमध्ये रुंद वाट ठेवून. दर सरावाआधी काही मिनिटे चालणे, दुडकी आणि दोन्ही दिशांची वळणे घ्यावीत. विदर्भातल्या उन्हाळ्यात सराव सूर्योदयाच्या सुमारासच आटोपावा.

सरावाचा निकाल मैदानावर लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कुत्रा आखडला, बसताना पाय पसरला, एरवी न पाडणारा बार पाडू लागला किंवा वळण घ्यायला कचरला, तर वहीत मागच्या पायरीवर जाऊन तिथे आठवडाभर थांबावे. वेदनाशामक चालू असताना घेतलेली चाचणी ग्राह्य धरू नये. स्पर्धेचे प्रवेशशुल्क आधी भरून मग तारखेमागे धावू नये. टीपीएलओनंतर खेळात परतायला सामान्यतः 6 ते 9 महिने लागतात आणि पशुवैद्यांनी तपासून होकार दिल्यावरच अर्ज करावा. पहिल्या स्पर्धेत दिवसाला एकच फेरी पुरे. एका पायाचे क्रुशिएट गेलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचे दुसऱ्या पायाचेही पुढे तुटते, तेव्हा घेर मोजायची वही बंद न करता तिच्यात दर दोन महिन्यांनी दोन्ही मांड्यांची नोंद ठेवावी.