रुग्णसेवेतील मानसिक थकवा कसा ओळखावा आणि कसा हाताळावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या ताणातून येणाऱ्या मानसिक थकव्याची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आणि तिची तीन अंगे सांगितली : त्राण संपल्याची भावना, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमता घटणे. यांपैकी दुसऱ्या अंगावर विशेष लक्ष ठेवावे. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी ‘बारा नंबरची खाट’ असा होऊ लागला आणि नातेवाइकांचा साधा प्रश्नही टोचू लागला, तर तो स्वभावदोष न मानता इशारा समजावा.

रुग्ण दगावल्यानंतर, विशेषतः हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न असफल ठरल्यावर, लगेच पुढच्या कामाला न जुंपता संपूर्ण चमूने दहा मिनिटे एकत्र बसावे. काय घडले आणि पुढे काम करण्याच्या स्थितीत कोण नाही, एवढेच बोलावे, दोष कोणाचा हे त्या वेळी काढू नये. पाळी सोपवताना राहिलेली कामे कागदावर उतरवावीत, म्हणजे ती डोक्यात घोळत घरी येत नाहीत. रात्रपाळीच्या शेवटच्या काही तासांत चहा-कॉफी टाळावी.

औषधे हाताशी असली तरी झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. उदासी दोन आठवडे टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आत्महत्येचा विचार आल्यास मात्र क्षणभरही न थांबता त्यांची मदत घ्यावी.

अपुऱ्या मनुष्यबळावर प्राणायाम हा उपाय नव्हे. कमतरतेची तारीखवार लेखी नोंद ठेवून ती सर्वांच्या सहीने वरिष्ठांकडे द्यावी.