पद्मिनीला नवीन कार्बोरेटर बसवला आणि ॲव्हरेज पडलं, तर काय काय बघायचं

आमची प्रीमियर पद्मिनी वडिलांच्या काळातली, १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. जुन्या कार्बचा थ्रॉटल स्पिंडल (ॲक्सिलरेटर दाबल्यावर फिरतो तो दांडा) पार झिजला होता, सिग्नलला गाडी बंद पडायची, म्हणून शेवटी नवीन बसवला. गाडी पहिल्या सेल्फला चालू व्हायला लागली, पिकअप पण छान, आणि दोन टाक्या संपल्यावर कळलं की १३चं ॲव्हरेज साडेआठवर आलंय. मिस्त्री म्हणाले नवीन आहे, चालवा, सेट होईल. पण कार्बोरेटर चालवून चालवून सेट होत नाही हो, त्यात जे चुकलंय ते तसंच राहतं आणि तेवढं पेट्रोल रोज जातं.

सगळ्यात आधी, जुना कार्ब भंगारात देऊ नका. गॅरेजमध्ये राहिला असेल तर आजच जाऊन घेऊन या, कारण तुमच्या इंजिनला कोणते जेट (पेट्रोल किंवा हवा मोजून सोडणारी बारीक भोकं) चालत होते, फ्लोट (कार्बच्या वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून लेव्हल ठरवतो तो) कुठे सेट होता, हे सगळं त्याच्यातच आहे. नवीन कार्बच्या शेजारी तो उघडून ठेवला की निम्मं काम होतं.

दुसरं, ॲव्हरेज नीट मोजा. काट्यावर जाऊ नका, पद्मिनीचा पेट्रोलचा काटा चढावर एक सांगतो आणि उतारावर एक. एकाच पंपावर पहिल्या कटपर्यंत टाकी भरायची, १५०-२०० किलोमीटर चालवायची, परत तिथेच पहिल्या कटपर्यंत भरायची आणि भागाकार करायचा. मधल्या काळात टायर बदलून मोठ्या घेराचे रेडियल टाकले असतील तर किलोमीटर कमी पडतात आणि ॲव्हरेज उगाच कमी दिसतं, हायवेच्या किलोमीटरच्या दगडांशी एकदा ताडून बघा.

आता बॉनेट उघडा. पेट्रोलच्या पाइपचे जोड, झाकणाचं पॅकिंग, कुठे ओलसर दिसतंय का, वास येतोय का ते बघा. खाली गरम मॅनिफोल्ड आहे, त्यामुळे गळती दिसली तर ती काढल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. मग कोणाला तरी चोकचा नॉब (थंड गाडी चालू करताना जादा पेट्रोलसाठी ओढतो तो) पूर्ण आत ढकलायला सांगा आणि कार्बवरचा लिव्हर खरंच शेवटपर्यंत मागे येतोय का ते डोळ्यांनी बघा. नवीन कार्बला जुनी केबल जोडताना दोन-चार मिलिमीटर आखूड अडकवली जाते, म्हणजे गाडी दिवसभर अर्ध्या चोकवर फिरते.

हे सगळं ठीक असेल तर जेट. मेन जेटवर नंबर कोरलेला असतो, तो भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे ११५ म्हणजे १.१५ मिमी. समजा जुन्यात ११५ आहे आणि नव्यात १२५ निघाला, तर दहाने काय होतंय असं वाटेल, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढतं. एअर जेटचं उलटं आहे, तो लहान असला किंवा कचऱ्याने भरला तर मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं. जेट साफ करायला तार घालू नका प्लीज, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर, बास.

माझ्या गाडीत जेट सेम होते. चूक निघाली फ्लोटच्या लेव्हलमध्ये, आणि मला वाटतं नवीन कार्बमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष ह्याच्याकडेच होतं. तपासायची पद्धत सोपी आहे. एअर क्लीनर काढायचा, इंजिन गरम असताना स्लोवर ठेवायचं आणि टॉर्च मारून वरून कार्बच्या घशात बघायचं. स्लोवर मेन नोझलमधून पेट्रोल टपकायला नको. माझ्याकडे थेंब थेंब पडत होतं, इंजिन बंद केल्यावर पण दोन-तीन थेंब पडले. म्हणजे वाटीत पेट्रोल जास्त चढतंय.

मग इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची वायर काढली, झाकण उघडलं. झाकणाच्या खालच्या बाजूला निडल व्हॉल्व्ह (वाटीत येणारं पेट्रोल बंद करणारी सुईची झडप) आटे घालून बसवलेला असतो आणि तो व्हॉल्व्ह आणि झाकण ह्यांच्या मध्ये एक वॉशर असतो. दोन्ही कार्बचे वॉशर काढून हातावर घेतले तर बोटालाच फरक कळला, व्हर्नियर लावला तर जुना १ मिमी आणि नवा अर्धा मिमी. वॉशर पातळ झाला की व्हॉल्व्ह वर सरकतो, फ्लोट जास्त वर आल्यावरच पेट्रोल बंद होतं, आणि फ्लोट लिव्हरच्या टोकाला असल्यामुळे लेव्हल अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त वाढते. त्याच जाडीचा नवीन वॉशर टाकला, टपकणं बंद. पुढच्या टाकीला १२ आलं.

वॉशर बरोबर असून पण लेव्हल चढत असेल तर फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले तर त्याला भोक आहे. निडलवर रेघ पडलीय का बघा. आणि कोणी इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर त्याचं प्रेशर निडलला ढकलून पेट्रोल आत घालतं, तिथे कमी प्रेशरचा पंप किंवा रेग्युलेटर लागतो.

कार्बच्या बुडाचं पॅकिंग हवा खेचत असेल तर गंमत उलटी होते, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, गाडी धक्के मारते, मग मिस्त्री मिक्स्चर स्क्रू सोडून रिच करतात आणि पेट्रोल जातं ते वेगळंच. नट एका बाजूने आवळले की फ्लँज वाकतो, म्हणून दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे. डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटून देतो त्याला) व्हॅक्युमची डबी असेल तर तिचा पाइप नव्या कार्बला जोडलाय ना हे पण बघा. तो लोंबकळत राहिला तर एकसारख्या स्पीडला ठिणगीचं टायमिंग पुढे जात नाही, आणि हायवेचं ॲव्हरेज तिथेच जातं.

आणि एक गोष्ट कार्बच्या माथी मारू नका. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की ६-७ टक्के ॲव्हरेज तसंच जाणार. १३चं १२ झालं ते मी ह्याच हिशोबात धरलं आणि जेटला हात लावला नाही. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम मात्र बदलून घ्या, इथेनॉलने ते फुगतात.

मिक्स्चर स्क्रू सगळ्यात शेवटी, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. आवाज सगळ्यात मोकळा येतो तिथपर्यंत सोडायचा, मग इंजिन जरासं पडतंय असं वाटेपर्यंत आवळायचा आणि किंचित मागे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर एक टाकी चालवा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. टाकी संपत आली की प्लग काढून बघा, काळी कोरडी काजळी असेल तर अजून रिच आहे, फिकट तपकिरी रंग आला की झालं. रंग बरोबर येऊन पण ॲव्हरेज येत नसेल तर कार्बचा नाद सोडा आणि चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघा, माझ्या ओळखीच्या एका पद्मिनीत मागचा एक ड्रम चिकटलेला निघाला होता.