परसात कोकम लावताना या चुका टाळा

कोकमाची, म्हणजेच रातांब्याची, सर्वांत महाग चूक लावणीच्याच दिवशी होते आणि ती कळायला सात-आठ वर्षे जातात. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. रोप नर आहे की मादी, हे पहिला मोहोर येईपर्यंत पानांवरून किंवा वाढीवरून ओळखता येत नाही. त्यामुळे परसात एकच झाड लावायचे असेल, तर फळ देणाऱ्या मादी झाडाचे मृदुकाष्ठ कलमच, म्हणजे कोवळ्या रोपावर त्या झाडाची काडी बांधून केलेले कलमच, घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये प्रसारित केलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीची कलमे यासाठी चांगली आहेत. मात्र परागासाठी आसपास एखादे नर झाड असलेले बरे. कोकणात आणि गोव्यात ते बहुधा शेजारच्या आगरात किंवा कुळागरात सापडतेच.

वाढवलेले झाड नर निघाले, तरी ते लगेच मुळापासून तोडू नये. बारीक फुलांचे झुबके आणि प्रत्येक फुलात पुंकेसरांचा दाट गुच्छ दिसला, तर झाड नर समजावे. अशा झाडाचे खोड योग्य उंचीवर छाटून नव्या फुटव्यांवर मादी झाडाच्या काड्या बांधता येतात. मुळे आधीच खोल गेलेली असल्याने ही कलमे जोमाने वाढतात. हे काम मात्र जाणकार माणसाकडून करून घ्यावे.

कलम आणले म्हणजे काळजी संपली, असेही नाही. कलमाची काडी आडव्या फांदीवरून घेतलेली असेल, तर झाड सरळ न वाढता जमिनीलगत पसरते. म्हणून उभा शेंडा असलेले कलम निवडावे, त्याला काठीचा आधार द्यावा आणि जोडाखालून येणारे फुटवे दिसताच काढावेत, कारण ते खुंटाचे, म्हणजे कलम ज्यावर बांधले त्या मूळ रोपाचे, असतात आणि पाहता पाहता कलमाला मागे टाकतात. पहिले दोन उन्हाळे सावली आणि नियमित पाणी हवे. पावसात आळ्यात पाणी साचू देऊ नये.

फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात, तीही एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्याने. सगळी एकाच वेळी उतरवण्याच्या घाईत अर्धकच्ची फळे मिसळली, की आमसुलांचा रंग फिका पडतो. सालींना मीठ घातलेल्या रसाची पुटे द्यावीत आणि प्रत्येक पुटानंतर त्या कडक उन्हात वाळवाव्यात. एक-दोन पुटांवर थांबले, तर आमसुले आषाढ उजाडण्याआधीच बुरसतात. मला सर्वांत वाईट वाटते ते पावसाच्या तोंडावर उतरवलेली फळे वाया जाताना पाहून. ऊन मिळणार नसेल, तर आमसुलांचा हट्ट सोडून त्यांचे आगळ (मीठ घालून टिकवलेला रस) करावे किंवा सालींच्या वजनाच्या दुप्पट साखर घालून अमृत कोकम करावे. रस आंबट असल्याने ॲल्युमिनियम, तांबे किंवा लोखंड यांची भांडी मुळीच वापरू नयेत. काच किंवा चिनी मातीची बरणी उत्तम. बिया टाकून न देता धुऊन वाळवाव्यात, कारण भेगाळलेल्या टाचांना लावायचे मुठेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल, त्यांच्यापासूनच निघते.