हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसणार असाल तर : कोल्हापूरचा अनुभव

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला, ताई हॉस्पिटलमध्ये ऑपरेटरची जागा निघालीय, फॉर्म भरू का, काम काय असतं, नुसतं उचलायचं आणि जोडायचं ना. तिला सांगता सांगता तास गेला तरी संपेना, मग म्हटलं लिहूनच काढावं, अजून कुणाला तरी उपयोगी पडेल.

मी २०१६ च्या जूनमध्ये लागले. बीकॉम, एमएस-सीआयटी, टायपिंग एवढंच भांडवल. कोल्हापुरातलं मोठं खाजगी हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. रिसेप्शनच्या मागं एक छोटी खोली, त्यात ईपीएबीएक्सचा, म्हणजे हॉस्पिटलच्या आतल्या टेलिफोन एक्स्चेंजचा कन्सोल, दोन हेडसेट, एक कॉम्प्युटर, अनाउन्समेंटचा माइक आणि भिंतीवर त्या दिवसाचा ऑन-कॉल चार्ट, म्हणजे बोलावलं की यायच्या डॉक्टरांची यादी. आमच्याकडं पीआरआय लाइन होती, म्हणजे एकाच जोडणीत बऱ्याच लाइन, एका पीआरआयवर एका वेळी ३० कॉल चालू शकतात, आणि बसायला आम्ही सकाळी दोघं आणि रात्री एकटं. लाइन कधी कमी पडत नाही, माणूस कमी पडतं. सकाळी ९ ते १२ मध्ये पाणी प्यायला पण सवड मिळत नाही हे आधीच सांगून ठेवते.

आता जे सांगायला बसले ते सांगते. दुसराच महिना होता, दुपारचे साडेतीन वाजलेले, ओपीडी संपत आलेली. शाहूवाडीकडनं एका बाईचा फोन, आवाज अगदी दबलेला, "बाई, आमच्या सुनंनं औषध घेतलंय, तिकडं आणू काय?" मी विचारलं कुठल्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, ती गप्पच, मला वाटलं नाव आठवत नसंल, म्हणून मेडिसिन ओपीडीला जोडून मोकळी झाले. शेजारी आमचे सीनियर सर बसायचे. त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं, एक शब्द न बोलता तो कॉल त्यांनी परत ओढून घेतला आणि विचारलं, "मावशी, शेतातलं औषध काय?" ती म्हणाली व्हय, उसावर मारायचं. मग सरांनी कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या पेशंटचा विभाग लावला, डॉक्टर स्वतः लाइनवर येईपर्यंत बाईंना बोलतं ठेवलं, "मावशी मी हाय इथंच, फोन ठिऊ नका" एवढंच परत परत. डॉक्टरांनी सांगितलं उलटी करायला लावू नका, डबा संगं घेऊन या, आणि वाटेत पहिला जो सरकारी दवाखाना लागंल तिथं आधी दाखवा. पोरगी वाचली, आठवड्याभरानं घरी गेली. मी त्या रात्री जेवले नाही. खेड्यात औषध घेतलं, औषध प्यालं म्हणजे विष घेतलं, हे मला माहीत नव्हतं का, होतं, माझं स्वतःचं आजोळ करवीर तालुक्यात आहे. पण हेडसेट कानाला लागला की माणूस ऑफिसच्या मराठीत विचार करायला लागतं, आणि तिथंच चुकतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला एक दोनशे पानी वही आणायला लावली आणि म्हणाले, लोक जे बोलतात ते त्यांच्याच शब्दात लिहायचं, पुढं त्याचा विभाग लिहायचा. ती वही माझं खरं ट्रेनिंग झालं. "पान लागलंय" म्हणजे साप चावलाय, जुनी माणसं सापाचं नाव घेत नाहीत, विशेषतः रात्रीचं, भातलावणीच्या दिवसात पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी भागातनं हे हमखास येतं, सरळ कॅज्युअल्टी. "अंगावरनं वारं गेलं" म्हणजे अर्धांगाचा झटका, आणि हा फोन एक सेकंद पण होल्डवर ठेवायचा नाही कारण मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा कॅज्युअल्टीला जोडताना किती वाजता झालं तेवढं विचारून डॉक्टरांना तेच पहिलं सांगायचं. "तोंड वाकडं झालंय", "बोलायला येईना झालंय" हे पण त्यातलंच. "कळा सुटल्यात" लेबर रूम. "छातीत कळ मारतीया, घाम फुटलाय" कॅज्युअल्टी, कार्डिओलॉजीची ओपीडी नव्हे, ओपीडीचा फोन वाजत राहतो आणि तिकडं माणूस जातं. "आमचं पेशंट गेलं काय?" हे सगळ्यात अवघड. त्याचा अर्थ डिस्चार्ज मिळून घरी गेलं काय असा पण असतो आणि दुसरा पण असतो, आणि आपण कुठल्याच अर्थानं उत्तर द्यायचं नाही, वॉर्डच्या सिस्टरला जोडायचं. वारल्याची बातमी ऑपरेटरच्या तोंडून कधीच जाऊ नये.

सरांबद्दल थोडं सांगते. सर जन्मापासून अंध. आपल्याकडं अंध लोकांना टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण द्यायची पद्धत जुनी आहे, सर त्यातलेच. दोनशेच्या वर एक्स्टेंशन तोंडपाठ, ते कन्सोलवर बोट फिरवायचे तेव्हा आवाज पण यायचा नाही. पाच नंबरच्या बटणावर बारीक उंचवटा असतो बघा, मी तोपर्यंत कधी बघितला नव्हता, त्यावरनं ते बाकीची बटणं पकडायचे. पण मी त्यांच्याकडनं शिकले ते ऐकायला. फोनमागं काय चाललंय ते ते आधी ऐकायचे. मागं स्टँडवरची अनाउन्समेंट ऐकू आली की म्हणायचे हे लोक निघालेत, यांना अपॉइंटमेंट नको, कुठल्या गेटनं यायचं ते सांग. मागं कुणी तरी घरघर श्वास घेतंय हे त्यांना बोलणाऱ्याच्या आधी कळायचं. मला हे जमायला दोन वर्षं लागली, आजही त्यांच्याइतकं जमत नाही.

ट्रान्सफर करायची पद्धत नीट शिकून घ्या. एक असतं नुसतं ढकलून देणं, नंबर दाबला आणि आपण बाजूला. दुसरं म्हणजे पलीकडच्यानं उचललं, त्याला दोन शब्दात सांगितलं कोण आहे, कशाबद्दल आहे, आणि मग जोडलं. बिलिंग, मेडिकल स्टोअर, ओपीडीची चौकशी असल्या ठिकाणी ढकललं तर चालतं. कॅज्युअल्टी, आयसीयू, लेबर रूम इथं कधीही ढकलायचं नाही, उचलेपर्यंत आपण लाइनवर. कॅज्युअल्टीचे नंबर हंटिंगमध्ये टाकलेले असतात म्हणजे एक बिझी असला की आपोआप दुसऱ्यावर वाजतो, पण रात्री तीनला तिथं अॅक्सिडेंटची केस आलेली असली की सगळेच धावपळीत असतात आणि चारी फोन वाजत राहतात, अशा वेळी वॉर्डबॉयचा मोबाईल, सिक्युरिटीचं एक्स्टेंशन, काहीही करून माणूस गाठायचं.

आकडे एकेक सुटे बोला. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे खराब लाइनवर सगळं सारखंच ऐकू येतं. "अठ्ठ्याण्णव बावीस" म्हणायची आपल्याला सवय आहे, फोनवर मात्र नऊ आठ दोन दोन असंच म्हणायचं आणि समोरच्याकडनं परत म्हणवून घ्यायचं. नावाचं पण तेच, कोल्हापूर जिल्ह्यात नुसतं "पाटलांच्या खोलीत जोडा" म्हणून काय उपयोग, एका वेळी बारा-पंधरा पाटील ॲडमिट असतात. पूर्ण नाव, गाव, वॉर्ड, आणि शंका वाटली की आयपीडी नंबर, म्हणजे ॲडमिट पेशंटला दिलेला नंबर.

शून्याचं एक सांगते, नवीन मुलं इथंच अडकतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरनं कुठल्याही मोबाईलला लावताना आधी शून्य लावायला लागतं. आणि बऱ्याच ईपीएबीएक्सवर बाहेरची लाइन घ्यायला पण शून्यच असतो. म्हणजे सर्जनच्या मोबाईलला लावताना दोन शून्य, मग नंबर. रात्री दोनला घाईत एकच शून्य लागतो, रेकॉर्डिंग वाजतं, वाटतं डॉक्टरांचा फोन बंद आहे.

कोड ब्लू. बहुतेक हॉस्पिटलात हे हृदय किंवा श्वास बंद पडलेल्या पेशंटसाठी असतं, आगीला कोड रेड, लहान मूल पळवलं गेलं तर कोड पिंक, पण प्रत्येक हॉस्पिटलची यादी थोडी थोडी वेगळी असते तेव्हा पहिल्या दिवशी तुमची यादी मागून घ्या आणि पाठ करा. मेंदूला रक्त थांबलं की चार-सहा मिनिटात कायमचं नुकसान व्हायला लागतं, त्यातला आपला वाटा दहा-पंधरा सेकंदांचा, तो वाया घालवायचा नाही. फोन घेतला की मजला आणि वॉर्ड उलट विचारून पक्का करायचा, माइक चालू, "कोड ब्लू, तिसरा मजला, मेल मेडिकल वॉर्ड", सावकाश, तीन वेळा. ओरडायचं नाही, आवाज फाटला की कुणालाच मजला कळत नाही. आपल्या कोल्हापुरात अजून एक घोळ आहे. सीपीआर म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करायचा उपाय, पण सीपीआर म्हटलं की इथल्या माणसाला छत्रपती प्रमिलाराजे हे सरकारी हॉस्पिटलच आठवतं. एका नवीन मुलीला आयसीयूतनं सिस्टरनी सांगितलं "सीपीआर चालू आहे, भूलतज्ज्ञांना पाठवा" आणि ती सरकारी हॉस्पिटलचा नंबर शोधायला लागली. वेळेत लक्षात आलं. मी म्हणूनच नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी हे सांगते. आणि ज्यांना खरोखर सीपीआर हॉस्पिटल पाहिजे असतं पण नंबर आपला लागलाय अशांचे पण रोज चार-दोन फोन येतात, त्यांना "राँग नंबर" म्हणून ठेवू नका, तिथला नंबर डोळ्यासमोर चिकटवून ठेवा आणि सांगा. तसंच गाडी पाहिजे असंल तर १०८, ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फुकट आहे, अजून कित्येकांना वाटतं पैसे पडतात.

निपाणी, चिकोडी, बेळगावकडनं पेशंट खूप येतात, थोडं कन्नड शिका. "यार बेकु री?" (कोण पाहिजे?) आणि "तडीरी" (थांबा) एवढ्यावर पण समोरचं माणूस निम्मं शांत होतं. कोकणातनं घाट चढून येणारे असतात, त्यांची रेंज घाटात जाते, म्हणून पहिल्याच वाक्यात त्यांचा नंबर लिहून घ्या.

माहिती कुणाला द्यायची नाही हे पण नोकरीचाच भाग आहे. अमुक माणूस ॲडमिट आहे का, कशासाठी आहे, कुणाबरोबर आलंय, गोड बोलून विचारणारे खूप असतात, भाऊबंदकीतले असतात, कधी पेपरवाले. मारामारीच्या, विषाच्या, पोलीस केसमध्ये तर तोंड बंद. मी एकच बोलते, "तुमचं नाव आणि नंबर द्या, नातेवाइकांना निरोप देते." नव्वद टक्के लोक तिथंच ठेवून देतात.

ऑगस्ट २०१९ चा पूर मी बोर्डावर काढला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगलोर हायवे बंद, माझ्या जागी पुढच्या पाळीला येणारी रिलीव्हर शिरोळ तालुक्यात अडकलेली. तीन दिवस मी आणि सर तिथंच, खोलीत गादी टाकून आळीपाळीनं झोपायचो. सगळ्यात जास्त फोन डायलिसिसवाल्यांचे. आठवड्यातनं दोनदा-तीनदा डायलिसिस लागणारी माणसं, गावाला चारी बाजूनं पाणी. विचारायचे, बाई कुठला रस्ता चालू हाय? आम्ही मग एका कागदावर दर दोन तासांनी लिहायला लागलो, कुठल्या गावचं पेशंट, पुढचं डायलिसिस कधी, बोट मिळाली का, आणि जे फोन करत होते त्यांना एकमेकांचे नंबर त्यांच्या परवानगीनं दिले. एका आजोबांचा तिसऱ्या दिवशी फोन आला, आवाज सुजल्यासारखा, म्हणाले "पोरी, बोटीत बसलोय, मशीन मोकळं ठिवा." सरांनी डायलिसिसला निरोप दिला आणि हेडसेट काढून डोळे पुसले.

तेव्हापासून डॉक्टरांची, वॉर्डांची, ब्लड बँकांची, ॲम्ब्युलन्सवाल्यांची यादी मी कॉम्प्युटरवर आहे म्हणून सोडत नाही, कागदावर प्रिंट काढून खोलीत लावते आणि दर महिन्याला एकेक नंबर लावून तपासते. मोबाईल बदललेले असतात, डॉक्टर सोडून गेलेले असतात.

बाकीचं पटकन. हेडसेट दर तासाला कान बदलून घाला, दुसऱ्याचा हेडसेट पुसल्याशिवाय घालू नका. रात्रपाळीत घशासाठी कोमट पाणी. माझा पहिला पगार साडेआठ हजार होता, या कामात पैसा हळूहळू वाढतो हे लक्षात ठेवूनच या. कुणी शिव्या घातल्या तर उलट बोलू नका, त्यांचं माणूस आत आहे. ड्यूटी सोडताना रजिस्टरमध्ये अर्धवट राहिलेले निरोप लिहा आणि तोंडी पण सांगा, दोन्ही.

मुलाखतीत बहुतेक ठिकाणी शेजारच्या खोलीतनं फोन करून बोलायला लावतात, इंग्लिश किती येतं ते बघतात असं सगळ्यांना वाटतं, पण मी आता स्वतः घ्यायला बसते आणि मी बघते की मुलगी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देते का. निवड झाली तर हजर व्हायच्या आदल्या दिवशी जा आणि बेसमेंटपासून गच्चीपर्यंत सगळं हॉस्पिटल पायी फिरून या, लेबर रूमकडं कुठल्या लिफ्टनं जायचं, कॅज्युअल्टीचं गेट कुठल्या रस्त्याला, मॉर्चरी कुठं, रात्री कुठलं दार बंद असतं. फोनवरचं माणूस हेच विचारणार आहे. जाताना एक दोनशे पानी वही घेऊन जा.