कंपोझिट गरम करून वापरताना या चुका टाळा

निफाडकडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, त्या दिवसांत नाशिक शहरातील दंतचिकित्सालयांतही सकाळच्या पहिल्या रुग्णाच्या वेळी सिरिंजमधील कंपोझिट, म्हणजे दातातील पोकळी भरण्याचे, प्रकाशाने घट्ट होणारे मटेरियल, थिजलेल्या तुपासारखे घट्ट झालेले असते. बिस-जीएमए हा त्यातील मूळ रेझिन मुळातच अतिशय चिकट, आणि वजनाने साधारण 70 ते 80 टक्के काचेचे बारीक कण त्यात मिसळलेले. त्यामुळे तापमान उतरले की ते पोकळीच्या कोपऱ्यात बसण्याऐवजी उपकरणाला चिकटून परत वर येते. ते 54 ते 68 अंश सेल्सिअसपर्यंत गरम केले, तर पातळ होते, कडांना चांगले बिलगते आणि प्रकाशाने अधिक पूर्णपणे घट्ट होते. हे सगळे खरे असले, तरी त्यात एक अट आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

ती अट वेळेची आहे. हीटरवर 60 अंश दिसतात म्हणून दातात 60 अंशांचे मटेरियल पडते, असे समजणे चुकीचे आहे. कॉम्प्यूल (एका वेळेपुरते कंपोझिट भरलेली छोटी नळी) हीटरमधून काढल्यावर त्यात साठलेल्या जादा उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी दोन मिनिटांत आणि सुमारे नव्वद टक्के पाच मिनिटांत निघून जाते. शिवाय दाताचा स्पर्श होताच ते आणखी निवते. असिस्टंटने कॉम्प्यूल काढून ट्रेवर ठेवली, मग डॉक्टरांनी बाँडिंग (कंपोझिट दाताला चिकटवणारा द्रव) लावले, हवा मारली, ते घट्ट करण्यासाठी वीस सेकंद क्युअरिंग लाइट दिली, तर तोवर गरम करण्याचा उद्देश बराचसा संपलेला असतो. म्हणून एचिंग (आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करणे), बाँडिंग, मॅट्रिक्स (दाताभोवतीची पातळ पट्टी) आणि वेज (ती पट्टी दाताला घट्ट धरणारी पाचर) हे सर्व पूर्ण झाल्यावरच कॉम्प्यूल काढावी, आणि ती गनमध्ये घालून थेट पोकळीत रिकामी करावी. ‘आमच्याकडे गरम करूनही काही फरक पडत नाही’ अशी तक्रार असेल, तर मटेरियलची कंपनी बदलण्यापूर्वी हा क्रम घड्याळ लावून तपासावा.

गरम कंपोझिट पातळ होते, म्हणून थर जाड घालता येतो, हा दुसरा गैरसमज. प्रकाश जितका आत पोहोचतो तितकाच थर घट्ट होतो. साध्या कंपोझिटला दोन मिलिमीटर, आणि उत्पादकाने तसे सांगितले असेल तरच बल्क-फिलला (जाड थरासाठी बनवलेल्या कंपोझिटला) चार. घट्ट होण्याचे प्रमाण वाढले की आकुंचनही वाढते, त्यामुळे थर देण्याची शिस्त सोडून चालत नाही. हिरडीलगतच्या कडेवर ओव्हरहँग (कडेबाहेर आलेले जादा मटेरियल) राहू लागला असेल, तर दोष बहुधा मॅट्रिक्सचा असतो: घट्ट मटेरियलला जी फट अडवत होती, तीच पातळ झालेल्या मटेरियलला वाट देते. वेज नीट बसवूनच भरणे सुरू करावे.

उष्णतेने दाताची नस दुखावेल, ही भीती मात्र थोडी चुकीच्या जागी आहे. 1965 मध्ये माकडांवर झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात दातातील नसेचे तापमान साडेपाच अंशांनी वाढल्यावर सुमारे 15 टक्के नसा मृत झाल्या होत्या, आणि आजही त्याच आकड्याचा दाखला दिला जातो. परंतु गरम कंपोझिटचा छोटा गोळा तापमान फारसे वाढवत नाही. खोल पोकळीत जवळ धरलेली जास्त शक्तीची क्युअरिंग लाइट त्याहून कितीतरी अधिक वाढवते. काळजी तिथे घ्यावी: लाइट देताना मधेमधे थांबावे आणि हवा मारावी.

मायक्रोवेव्ह, गरम पाण्याचे भांडे किंवा ऑटोक्लेव्हचे (वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे) झाकण हे हीटरला पर्याय नाहीत. त्यांत तापमान हाती राहत नाही, आणि पाण्याचा थेंब सिरिंजच्या तोंडाशी गेला तर पुढचे फिलिंग बिघडते. फ्रिजमधून काढलेली सिरिंजही आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. थंड टोपण लगेच उघडल्यास त्यावर दमट हवेतील पाणी साचते.

शेवटी, ही पद्धत कंपोझिटपुरतीच ठेवावी. ग्लास आयनोमर हे पावडर आणि द्रव मिसळून बनवायचे दुसरे फिलिंग मटेरियल रासायनिक अभिक्रियेने घट्ट होते आणि उष्णता ती अभिक्रिया वेगवान करते, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते हातातच घट्ट होऊ लागते. त्यासाठी काचेची स्लॅब थंड करून, पुसून कोरडी करून वापरावी आणि पावडर थोडी थोडी मिसळावी.