तरुण संघाचं काम नव्याने घेणाऱ्यांसाठी: ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन देऊ नका

बायबल वाचलेलं आहे, चार गाणी येतात, मुलांत मिसळता येतं, म्हणूनच पाळकांनी तुमच्याकडे मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ सोपवला असणार. त्यावर इथे फार लिहीत नाही. हे काम नव्या माणसाला जिथे अडकवतं आणि खोलवर दुखावतं, त्या एका जागेबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे.

आधी आठवड्याच्या सभेचं बोलू. दीड तास पुरतो. पंधरा मिनिटं येणं-बसणं, वीस मिनिटं खेळ आणि गाणी, वीस मिनिटं शास्त्रपाठ, पंचवीस मिनिटं लहान गट, शेवटची दहा मिनिटं प्रार्थना. नवे लोक सगळी तयारी शास्त्रपाठावर खर्च करतात, पण खरी किंमत पहिल्या पंधरा मिनिटांना आहे. खुर्च्या आणि माईक अर्धा तास आधी लावून मोकळे व्हा आणि रिकाम्या हातांनी दाराशी उभे राहा. कोण एकटं आलं, कोण रोजच्या मित्राला टाळतंय, कोणाचा चेहरा उतरलाय, हे तिथेच कळतं. वायरी जोडत बसलात तर यातलं काहीच दिसणार नाही.

लहान गट सहा ते आठ जणांचा ठेवा आणि वर्षभर गटप्रमुख बदलू नका. ‘या उताऱ्यातून काय शिकायला मिळतं?’ असं विचारलं की ‘प्रेम, विश्वास, आज्ञापालन’ अशी पाठ उत्तरं येतात. ‘यातला कोणता माणूस तुम्हाला पटत नाही?’ असं विचारा. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि तोवर तोंड उघडू नका. शांतता सहन न होऊन आपणच उत्तर दिलं, की पुढच्या वेळी कोणी बोलत नाही.

तयार पाठांचे संच आणि व्हिडिओ यांबद्दल माझं मत कडक आहे. आजारपणात किंवा अगदी अडचणीत वापरा, सवय लावू नका. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर गेल्या की तुम्ही मुलांना आणि मुलं एकमेकांना पाहायची थांबतात. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहतो आणि खिडकीत बसलेला तरुण युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. पौल बोलणं थांबवतो, खाली उतरतो, त्याला कवटाळतो. पाठ अर्धा राहिला तरी चालेल, पण मुलगा पडला तर तुम्ही खाली उतरलंच पाहिजे.

आता मूळ मुद्दा. सभा संपलेली असते, खुर्च्या रचणं चालू असतं. पंधरा वर्षांची एक मुलगी रेंगाळते, गाण्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा पुन्हा पुन्हा सारखा करते. मग हळूच म्हणते, ‘एक सांगायचं होतं. पण तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?’

‘नाही गं, सांग ना,’ हे उत्तर मायेपोटीच तोंडात येतं. तेच देऊ नका. घरातलं कोणीतरी त्रास देतंय, किंवा तिने गोळ्या साठवून ठेवल्यात, असं पुढच्या वाक्यात आलं तर? गप्प राहिलात तर ती त्याच धोक्यात घरी जाते. सांगितलंत तर मंडळीतल्या ज्या एका मोठ्या माणसावर तिने विश्वास टाकला, त्यानेच शब्द मोडला असं होतं. दोन्ही वाटा तिला जखमी करतात. अनेक देशांत मुलांवरच्या अत्याचाराची माहिती लपवणं हा गुन्हाही आहे. आपल्याकडचा कायदा काम सुरू करण्याआधीच वाचून ठेवा.

म्हणा असं: ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगावं लागेल. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ हे मोठ्याने म्हणून सराव करा, कारण ऐन वेळी सुचत नाही. त्याहून चांगलं म्हणजे वर्षाच्या पहिल्याच सभेत सगळ्यांसमोर हा नियम सांगा. काहीजण ऐकून गप्प होतील. होऊ द्या. मदतवाहिनीचा क्रमांक द्या आणि ‘पुन्हा कधीही ये’ म्हणा.

तुम्ही पाळक असा वा नसा, मुलं या बोलण्याची पापनिवेदनाशी, म्हणजे धर्मगुरूसमोर पाप कबूल करण्याशी, गल्लत करतात. रोमन कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनाची गुप्तता मोडता येत नाही, १९८३ च्या धर्मसंहितेतला ९८३ वा नियम तेच सांगतो. तो संस्कार, म्हणजे चर्चचा पवित्र विधी आहे. खुर्च्यांमधलं बोलणं संस्कार नाही, हे मुलांनाही समजावून सांगा.

ऐकताना ‘मग काय झालं?’ आणि ‘अजून काही सांगायचंय?’ एवढंच विचारा. ‘त्याने हात लावला का?’ असं विचारलंत की तुमचे शब्द तिच्या सांगण्यात मिसळतात आणि पुढे चौकशीत तिच्याच बोलण्यावर शंका घेतली जाते. जखमांचे फोटो काढू नका. ‘आता हेच काकांनाही सांग’ म्हणून तिला दुसऱ्यांदा बोलायला लावू नका. जीव द्यावासा वाटतो असा सूर लागला तर थेट विचारा, ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडू नका, गोळ्या किंवा जे काही असेल ते दूर करवा आणि दवाखान्यात न्या.

तासाभरात लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, तिचे शब्द जसेच्या तसे, तुम्ही विचारलेले प्रश्न, खाली सही. तुमचा अंदाज त्यात नको. बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांना त्याच दिवशी कळवा. धोका तातडीचा असेल तर पोलीस किंवा रुग्णवाहिका आधी, पाळक नंतर. आरोप मंडळीतल्याच कुणावर, अगदी पाळकांवर असेल, तर थेट बाहेरच्या यंत्रणेकडे जा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला ‘समजावायला’ जाऊ नका. तडजोडीची बैठक तर कधीच नको.

आणि प्रार्थनेची घाई करू नका. ‘चल, डोळे मिट’ म्हटलं की बोलणं तिथेच बंद होतं. क्षमेचा विषय तर त्या दिवशी काढूच नका. २ शमुवेल १३ वाचा. तामारेवर तिचा सावत्र भाऊ अम्नोन अत्याचार करतो, तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला सांगतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद राजा ऐकून संतापतो, पण मुलीसाठी काहीच करत नाही. शास्त्राने हे झाकलेलं नाही, मग आपणही झाकायचं नाही. पुढे कधी तिला स्वतःहून काही वाचायचं असेल तर स्तोत्र ८८ दाखवा. ते अंधारातच संपतं, शेवटी आनंदाकडे वळत नाही, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.

हे वाचून घाबरू नका. तुम्ही समुपदेशक नाही, पोलीस नाही, आणि तुम्हाला तसं व्हायचंही नाही. नीट ऐकायचं, लिहायचं, योग्य माणसापर्यंत पोचवायचं आणि पुढच्या आठवड्यात तिला आधीसारखंच ‘ये’ म्हणायचं. हे शिकता येतं.

बाकी खबरदारी थोडक्यात. एकट्या मुलाशी बोलायचं तर दार उघडं आणि दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात हवा. रात्री उशिरा खाजगी संदेश नकोत. शिबिराला जाताना पालकांचं सहीचं संमतीपत्र, औषधं आणि ॲलर्जीची यादी दोन प्रतींत घ्या. गाडीत चढताना आणि उतरताना मुलं नावाने मोजा, नुसत्या आकड्याने नाही.

मार्गदर्शक आपल्या मंडळीबाहेरचा शोधा, ज्याच्या हातात तुमचा पगार नाही असा. निर्गम १८ मध्ये मोशेला ‘तू करतोस ते ठीक नाही’ असं स्पष्ट सांगणारा इथ्रो मिद्यानी याजक होता, इस्राएलातला नव्हता. त्यानेच हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसं नेमायला सांगितली. प्रत्येक प्रश्नाला ‘अजून प्रार्थना कर’ एवढंच उत्तर देणाऱ्या मार्गदर्शकाचे आभार माना आणि दुसरा शोधा.

स्वतःसाठी बायबलमधलं एक पुस्तक वेगळं ठेवा, जे वर्षभर शिकवायचं नाही. पाठाची तयारी म्हणजे मनन नव्हे, हे काही महिन्यांतच मन कोरडं पडलं की कळतं. १ राजे १९ मध्ये खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा भाकर देतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर पोचल्यावर येतो. आठवड्याचा सुट्टीचा दिवस कागदावर लिहून पाळकांकडून मंजूर करून घ्या. त्या दिवशी तातडीचा फोन कोण घेणार, हे मुलांना नावासकट सांगा. आणि मुलांनी सांगितलेल्या गोष्टींच्या नोंदींची वही मंडळीच्या कुलूपबंद कपाटातच राहू द्या, घरी आणू नका. काम सोडताना ती बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडे सही घेऊन सोपवा.